कोल्हापूरच्या बास्केटबॉल कोर्टवरून प्रो टीममध्ये: नव्या गार्डनं पहिल्या सीझनला काय काय करायचं

हे लिहितोय ते अशा पोरांसाठी ज्यांचं शाळा, जिल्हा, मग शिवाजी विद्यापीठाकडून खेळून झालंय आणि आता कुठल्यातरी लीगच्या टीमचा नाहीतर एखाद्या डिपार्टमेंटचा (रेल्वे, ओएनजीसी असल्यांच्या टीमचा) फोन आलाय, बॅग भरायला घेतलीये आणि पोटात गोळा आलाय. पोरींसाठी पण हेच आहे, त्यांचा बॉल सहा नंबरचा आणि पोरांचा सात नंबरचा एवढाच फरक. मी स्वतः गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढं आणून टीमचा खेळ लावणारा म्हणून, काही वर्षं बाहेर खेळलो, आता परत येऊन इथंच पोरांना शिकवतो, आणि आपली एक-दोन पोरं बाहेर गेली की दोन महिन्यांत फोन येतोच, सर इथं काहीच जमंना. नेमकं काय जमंना विचारलं की सगळ्यांचं उत्तर तेच, बॉल हातात आला की वेळच मिळत नाही.

तर सगळा लेख त्या वेळेबद्दलच आहे असं समज. आपल्याकडं बास्केटबॉल खेळणारी पोरं थोडी, शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची फुटबॉल मॅच असली की निम्मं शहर तिकडं, उरलेल्याला कुस्ती, त्यामुळं आपल्यातला जरा बरा गार्ड असतो त्याच्या हातात आठवीपासून बॉल असतो आणि तो सगळ्यांपेक्षा फास्ट असतो म्हणून त्याला वाटेल तेवढा वेळ मिळतो. बघायचं, मग ठरवायचं, मग करायचं. प्रोमध्ये समोरचा तुझ्याएवढाच फास्ट असतो, वर त्याचे हात लांब असतात. तिथं बॉल हातात यायच्या आधी बघून झालेलं पाहिजे. हे एका दिवसात येत नाही पण येतं, आणि कशानं येतं ते खाली पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १: जायच्या आधी, इथंच

पहिलं काम टेप घेऊन कोर्टवर जा. आपल्याकडच्या बऱ्याच सिमेंटच्या कोर्टवर थ्रीची लाइन (जिच्या बाहेरून मारलेल्या बास्केटला तीन पॉइंट) जुनी नाहीतर अंदाजपंचे मारलेली असते. फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, नियमानं ती रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ६.७५ मीटर, आणि कोपऱ्यात साइडलाइनपासून ९० सेंटीमीटर आत. तू फोनवर अमेरिकेची एनबीए लीग बघून त्यांच्यासारखं लांबून मारायची सवय लावली असशील, तर त्यांची लाइन समोरून ७.२४ मीटर आहे, तुला तेवढं लांब जायची गरजच नाही. खडूनं खरी लाइन मार आणि रोज तिथूनच मार. रिंग पण मोज, ३.०५ मीटर पाहिजे, शाळेच्या कोर्टवरची रिंग वाकून दोन-चार बोटं खाली आलेली मी कितीदा बघितलीये, आणि मग पोरगं लाकडी कोर्टवर गेलं की त्याचे सगळे शॉट शॉर्ट पडतात आणि त्याला वाटतं आपला हात गेला.

दुसरं म्हणजे बॉल. रबरी बॉल सिमेंटवर टिकतो म्हणून आपण तोच वापरतो, पण मॅचचा बॉल कंपोझिट लेदरचा, त्याची पकड आणि उसळी वेगळी. एक तसला बॉल पैसे साठवून घे, सिमेंटवर नेऊ नको, खराब होतोय, घरात हॉलमध्ये बसून बोटांवर खेळव, पास भिंतीवर मार, आणि इनडोअर हॉल मिळेल तेव्हा तोच घेऊन जा. शूज पण सिमेंटवर झिजवलेले घेऊन जाऊ नको, लाकडावर घसरतात. जंप स्टॉप (पळता पळता दोन्ही पायांवर एकदम थांबणं) मारून बघ, पाय जागेवर राहिला पाहिजे.

आणि तिसरं, घड्याळ. आपल्या लोकल मॅचला शॉट क्लॉक नसतंय बहुतेक वेळा, असलं तर टेबलावर एक सर हातानं वेळ बघत असतात आणि शिट्टी वाजली तर वाजली. यावर पुढची पूर्ण पायरी आहे.

पायरी २: चोवीस सेकंद अंगात मुरव

नियम तुला पाठ असतील, २४ सेकंद संपायच्या आत शॉट हातातून सुटला पाहिजे आणि तो रिंगला लागला पाहिजे, ८ सेकंदात बॉल हाफ लाइनच्या पलीकडे, इनबाउंडला (बाहेरून बॉल आत टाकायला) ५ सेकंद, आपल्याच माणसानं ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतला, म्हणजे आपलाच रिंगला लागून चुकलेला बॉल परत पकडला, की घड्याळ १४ वर येतं. पाठ असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं.

गार्डच्या डोक्यात त्या २४ सेकंदांचे तुकडे असले पाहिजेत. घड्याळात १८ दिसत असताना तू पलीकडे गेलेला असशील तर सेट (आधी ठरवलेली चाल) लावायला वेळ आहे. १४-१५ ला पहिला पिक (आपल्या माणसानं तुझ्या डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहणं) लागलेला पाहिजे. तो फसला तर बॉल दुसऱ्या बाजूला फिरवून ८-९ ला दुसरा पिक. ५ दिसायला लागले की आता सेट-बिट काही नाही, बॉल ज्याच्या हातात सगळ्यात सेफ आहे त्याच्याकडं पाहिजे, आणि बऱ्याचदा तो तू नसतोस, टीममधला सीनियर नाहीतर परदेशी खेळाडू असतो. नवा गार्ड हमखास काय करतो तर ११ पर्यंत नुसता वर ड्रिबल मारत उभा राहतो, कारण सेट कुठला ते आठवत असतो, मग घाईत पिक मागतो, आणि ४ सेकंद राहिल्यावर अवघड बॉल दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. तो शॉट त्या दुसऱ्याच्या नावावर चुकतो, पण कोच सर बघत असतात की वेळ कुणी खाल्ला.

प्रॅक्टिस कशी करायची, एक मित्र साइडलाइनला फोनचा टायमर घेऊन उभा कर आणि त्याला ओरडायला सांग, अठरा, चौदा, आठ, पाच. थ्री ऑन थ्री खेळताना सुद्धा. पहिल्या आठवड्यात वैताग येतो, तिसऱ्या आठवड्यात त्यानं ओरडायच्या आधी तुला कळायला लागतं की आता चौदा झाले असणार. मग त्याला गप्प बसव आणि तू स्वतः ओरड, त्यानं फक्त चूक-बरोबर सांगायचं. मी हे महिनाभर केलं आणि मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर याचा, वेट ट्रेनिंगपेक्षा पण जास्त.

क्वार्टरच्या शेवटाचा हिशोब पण शिकून घे. फिबाचा क्वार्टर १० मिनिटांचा, म्हणजे मॅच एकूण ४० मिनिटांची, एनबीएपेक्षा ८ मिनिटं कमी, त्यामुळं एकेक पझेशन महाग. क्वार्टर संपायला ३५-३८ सेकंद असताना बॉल तुझ्याकडं आला तर लवकर चांगला शॉट काढायचा, म्हणजे समोरच्यानं त्याचे पूर्ण २४ वापरले तरी शेवटचा बॉल परत तुमचा. हे बेंचवरून कुणी सांगायच्या आधी तुला दिसलं की कोच सरांचा तुझ्याकडं बघायचा चेहराच बदलतो.

पायरी ३: फोनवरची एनबीए आणि तू खेळणार ती मॅच, यातला फरक

हा मुद्दा कुणी सांगत नाही म्हणून वेगळा लिहितोय. एनबीएत डिफेन्सवाल्याला पण तीन सेकंदाचा नियम आहे, त्यांचा पोस्ट (रिंगजवळ खेळणारा उंच माणूस) आपला माणूस सोडून डीमध्ये (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात) नुसता उभा राहू शकत नाही, म्हणून तिथं गार्डला रिंगपर्यंत रस्ता दिसतो. आपण फिबाच्या नियमानं खेळतो, तिथं तो नियम नाही. समोरचा सहा फूट नऊ इंचाचा माणूस डीमध्ये ठाण मांडून बसू शकतो आणि बसतोच. त्यामुळं फोनवर बघून शिकलेला सुसाट ड्राइव्ह इथं त्याच्या छातीवर जाऊन संपतो. डीच्या टोकाला दोन पायांवर थांबणं आणि तिथून फ्लोटर (उंच माणसाच्या हातावरून अलगद टाकलेला शॉट) नाहीतर कोपऱ्यात पास, हे इथल्या गार्डचं भाकरी-भाजी आहे.

दुसरा फरक अजून महत्त्वाचा. एनबीएत ट्रॅपमध्ये, म्हणजे दोघांच्या कोंडीत, सापडलेला गार्ड स्वतः टाइमआउट मागू शकतो. आपल्याकडं खेळाडूला तो हक्कच नाही, टाइमआउट कोच सरांनी टेबलावर मागायचा, आणि मिळतो तो बॉल डेड झाल्यावर किंवा समोरच्यानं बास्केट केल्यावर. मला हे नियम म्हणून माहीत होतं. तरी माझ्या पहिल्याच मोठ्या मॅचला मी हाफ लाइन ओलांडली, साइडलाइनच्या कोपऱ्यात गेलो, ड्रिबल थांबवला आणि दोघं अंगावर आले. पुढं साइडलाइन, मागं हाफ लाइन, समोर चार हात. मी बेंचकडं बघून हातानं टी केला. कोच सर नुसते बघत राहिले, ते काय करणार, बॉल लाइव्ह होता. पाच सेकंद झाले आणि शिट्टी. त्या दिवशी परत कोर्टवर गेलो नाही. तो कोपरा, हाफ लाइनच्या लगतचा, तिथं ड्रिबल कधी थांबवायचा नाही, जायचंच नाही तिकडं. मधून आण नाहीतर हाफ लाइनच्या आधीच पास दे.

पायरी ४: पिक अँड रोल, इथं सगळ्यात जास्त वेळ घालव

कॉलेजात आपला पोस्ट पिक लावायला आला की तू त्याच्या बाजूनं निघायचास आणि थेट रिंग. समोरच्या पोस्टला निम्म्या वेळा कळायचंच नाही काय करायचं. प्रोमध्ये तुझ्या पिकला काय करायचं ते त्यांनी आदल्या दिवशी व्हिडिओ बघून ठरवलेलं असतं. आणि तू नवा असशील, तुझा शॉट कुणी बघितलेला नसेल, तर पहिल्यांदा काय होणार ते मी आत्ताच सांगतो, तुझा डिफेंडर पिकच्या खालून जाणार आणि तुला बाहेर मोकळा सोडणार, मार म्हणणार. तिथं मारायचाच. लाजून ड्रिबल वाढवलास तर मॅचभर तसंच करणार. दोन चुकले तरी चालतील, तिसरा मार, कारण तुझा माणूस वरून यायला लागला नाही तर तुझ्या पोस्टला रोल (पिक लावून झाल्यावर रिंगकडं वळून पळणं) कधीच मोकळा मिळणार नाही. मारायचा नसेल तर पोस्टला परत दुसऱ्या बाजूनं, जरा खाली पिक लावायला सांग.

बाकी मुख्य चार प्रकार. ड्रॉप म्हणजे त्यांचा पोस्ट मागं डीत थांबतो. इथं घाई केलीस की संपलास. पिकवरून खांद्याला खांदा घासून निघ, तुझ्या माणसाला पाठीवर घे आणि हळू हो. हो, हळू. पाठीवरचा माणूस पाठीवरच राहिला की समोर एकटा पोस्ट आणि तुम्ही दोघं, तो तुझ्याकडं एक पाऊल आला की रोलला पास, नाही आला की फ्लोटर. दुसरा प्रकार शो, त्यांचा पोस्ट उडी मारून तुझ्या वाटेत येतो आणि परत पळतो. इथं ड्रिबल थांबवायचा नाही, दोन ड्रिबल मागं घ्यायचे, त्याला लांब ओढायचं, आणि तो परत फिरला की तेवढ्या क्षणात आपला पोस्ट मोकळा असतो. तिसरा ट्रॅप, दोघं तुझ्यावरच. पास दोघं यायच्या आधी द्यायचा, आल्यावर नाही, आल्यावर दिला तर तो पास कुणाच्या तरी हाताला लागणारच. वेळेत दिलास तर पुढं आपले चार आणि त्यांचे तीन, तुझं काम झालं, असिस्ट तुझ्या नावावर येवो न येवो. चौथा स्विच, त्यांचा उंच माणूस तुझ्यावर आणि बारका तुझ्या पोस्टवर. नव्या पोराच्या डोक्यात लगेच हवा जाते, उंच माणूस समोर आहे, आता नाचवतो, म्हणून सहा-सात ड्रिबल मारतो, बाकी चौघं उभे राहून बघतात आणि घड्याळ पळतं. आधी आत बघ. आपल्या पोस्टवर बारका माणूस आहे, त्याच्याकडं बॉल जातोय का.

आता बघायचं कुणाकडं. स्वतःच्या डिफेंडरकडं बघत बसू नको, तो कुठं आहे ते तुला अंगाला कळतं. पिक लागायच्या आधी त्यांच्या पोस्टचे पाय बघ. टाचेवर आहे की पंजावर, डीत आहे की तुझ्या पोस्टला चिकटून. त्यावरून काय येणार ते कळतं, पिक लागायच्या आधी. मग दुसरी नजर पलीकडच्या कोपऱ्यावर, तिथला डिफेंडर रोलला अडवायला आत येतो, आणि आला की तो कोपरा मोकळा. हाच पास आपल्या पोरांना येत नसतो, एका हातानं, ड्रिबलवरूनच, कोर्टच्या आरपार. भिंतीवर खूण करून रोज दोन्ही हातांनी शंभर-शंभर मार. डाव्या हातानं यायला सहा महिने लागतात, आजच सुरू कर.

प्रॅक्टिसला माणसं नसली तरी अडत नाही. मंडपवाल्याकडच्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आण, एक पिक म्हणून, एक कोपऱ्यात. मित्राला पुढं उभा कर, तू खुर्चीजवळ पोचलास की त्यानं ऐन वेळी करायचं, मागं जायचं, बाहेर यायचं, कधी अंगावरच यायचं. तोंडानं काही सांगायचं नाही. तू त्याचे पाय बघून ठरवायचं. कुस्तीत डाव बघून प्रतिडाव असतो ना, पैलवानाला समोरच्यानं पट काढायला वाकायच्या आधी खांद्यावरून कळतं, तेच हे.

डिफेन्सला तू स्वतः पिकमध्ये अडकणार ते वेगळंच. शंभर किलोचा माणूस न दिसता बाजूला येऊन उभा राहतो आणि तू त्याच्यावर जाऊन आदळतोस, पहिल्या आठवड्यात छाती दुखते. मागचा पोस्ट ओरडत असतो, पिक लेफ्ट, पिक राइट, ते ऐकायची सवय कर आणि नाही ओरडला तर त्याला सांग ओरड म्हणून, सीनियर असला तरी. पिक लागायच्या आधीच आपल्या माणसाच्या अंगाला अंग लावायचं आणि एक पाय वरून घालायचा, मधे फट राहिली की तिथं पिक बसतो.

पायरी ५: पाच मिनिटं

कॉलेजात चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळलेल्या पोराला बेंच फार लागतो. माझ्या डोळ्यात पाणी आलेलं आहे बेंचवर, त्यात काही वाईट नाही. स्टीव्ह नॅश १९९६ ला एनबीएत आला तेव्हा त्याच्या पुढं केव्हिन जॉन्सन होता, त्याच सीझनमध्ये जेसन किड पण त्या टीममध्ये आला, आणि पहिल्या वर्षी नॅशची सरासरी होती मॅचला ३.३ पॉइंट. २००५ आणि २००६ ला तोच माणूस सगळ्या लीगचा एमव्हीपी झाला. मधली वर्षं त्यानं बघण्यात आणि शिकण्यात घालवली. आपल्या तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच मोठ्या जोडीत सोडत नाहीत, हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या आणि कडेला बसून थोरल्यांच्या लढती बघायच्या. ते बघणं पण मेहनतीतच धरतात.

तर बेंचवर काय बघायचं. आपल्या आणि त्यांच्या टीमचे फाउल किती झालेत, कारण क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. त्यांच्या कुणाचे तीन-चार फाउल झालेत, पाचव्याला तो बाहेर. तुझ्या जागी खेळणाऱ्या गार्डच्या पिकला ते काय करतायत. रेफरी हाताच्या टचला शिट्टी वाजवतोय की सोडतोय. कोच सरांनी अचानक हाक मारली की हे सगळं तुझ्याकडं तयार पाहिजे.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं एवढंच कर: बॉल न गमावता पलीकडं ने, आपल्या माणसाला सरळ रिंगकडं जाऊ देऊ नको, हात घालून फालतू फाउल करू नको. शॉट मोकळा आला तर मार, शोधायला जाऊ नको. पाच मिनिटांत शून्य पॉइंट, शून्य टर्नओव्हर आणि टीम दोन पॉइंटनं पुढं गेली, तर पुढच्या मॅचला तुझी सात मिनिटं होतात. घरचे फोनवर विचारणार किती बास्केट मारलेस, त्यांना नीट समजावून सांग, त्यांच्यासाठी खेळ बदलू नको.

पायरी ६: तोंड उघड

टीममध्ये पंजाबचा पाजी असणार, तमिळनाडूचा अण्णा असणार, केरळ, यूपी, दोन परदेशी. आपलं पोरगं इथं रंकाळ्यावर गावभर ऐकू जाईल असं बोलतं आणि तिथं हिंदी चुकेल, इंग्लिश चुकेल म्हणून गप्प होतं. गार्ड गप्प राहिला की टीम आंधळी. कोर्टवर लागणारे शब्द वीस-पंचवीस आहेत, पिक, स्विच, हेल्प, कटर, बॉल, शॉट, सेटची नावं, ते मोठ्यानं आणि लवकर बोल, व्याकरण कुणी विचारत नाही. सेट लक्षात राहत नव्हते तेव्हा मी वहीत मराठीत लिहून काढायचो, शेजारी बाणांचं चित्र, आणि प्रत्येक सेटमध्ये फक्त माझं नाही तर पाचही जणांचं काम. नवा खेळाडू स्वतःचं काम पाठ करतो. गार्डला पाचही जणांचं आलं पाहिजे, कारण ऐन वेळी पोस्ट तुलाच विचारणार, मी कुठं.

सीनियरांना पाजी, भैया, अण्णा म्हण, बॉलची बॅग उचल, पाणी दे, यात कमीपणा नाही. पण कोर्टवर त्यांना हाक मारून जागेवर लाव, तिथं मान द्यायची पद्धत हीच आहे.

पायरी ७: अंग

थोडक्यात सांगतो कारण फिजिओ तुला सांगेलच. झोप आठ तास, मॅचनंतर झोप लागत नाही म्हणून फोन बघत पहाट करू नको. मॅचच्या दिवशी तांबडा रस्सा नको, मिसळ नको, भात-डाळ-अंडी-केळं, मॅचच्या तीन तास आधी. सुट्टीला आलास की खा की पोटभर, गंगावेशला जाऊन समोर काढलेलं धारोष्ण दूध पण पी. घोट्याचे व्यायाम रोज, एका पायावर उभं राहून दात घासत जा, गार्डचं करिअर घोट्यावर असतं.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. जिममध्ये कुणी दिलेली पावडर, गोळी, इंजेक्शन काहीही घेऊ नको. आता तू अशा पातळीवर आलास जिथं नाडाचे (देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेचे) लोक मॅचनंतर किंवा कॅम्पला येऊन सुद्धा सँपल घेऊ शकतात. बंदी असलेल्या औषधांची वाडाची (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची) यादी दर वर्षी १ जानेवारीला नवी लागू होते आणि त्यात सर्दी-दम्याची साधी वाटणारी काही औषधं पण येतात. मला माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही, तुझ्या शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुझी. घरच्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं तरी आधी टीमच्या डॉक्टरांना दाखव, खरंच गरज असेल तर त्याची परवानगी काढायची रीतसर पद्धत आहे.

पायरी ८: कागद आणि पैसा

आपल्याकडं लीगमधून पैसा आता यायला लागलाय, २०२५ च्या जानेवारीत आयएनबीएल प्रो ही बास्केटबॉल लीग सुरू झाली, मुंबई टायटन्स धरून सहा टीम, सोबत परदेशी खेळाडू, शिकायला फार चांगली जागा. पण लीग काही आठवड्यांची असते आणि वर्ष बारा महिन्यांचं. घर चालतं ते अजून डिपार्टमेंटच्या नोकरीवर, रेल्वे, सर्व्हिसेस, ओएनजीसी, बँका. विशेष भृगुवंशी भारताचा कॅप्टन होता, गार्डच, २०१७ ला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या क्लबनं त्याच्याशी करार केला, २०२० ला अर्जुन पुरस्कार, आणि नोकरी ओएनजीसीत. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा तो पण रेल्वेत होता. म्हणून ग्रॅज्युएशन अर्धवट टाकू नको, सगळी सर्टिफिकेटं एका फाइलीत ठेव, स्पोर्ट्स कोट्यासाठी कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट चालतं ते अर्ज भरायच्या आधी बघ.

करार सही करायच्या आधी घरी आण, ओळखीच्या वकिलाला दाखव. दुखापत झाली तर उपचार कोण करणार, पगार चालू राहणार का, हे वाक्य त्यात शोध. नसेल तर मागून घे. माझ्या कागदात ते नव्हतं, गुडघा गेला तेव्हा एमआरआयपासून सगळं वडिलांनी भरलं, आणि त्या चार महिन्यांत टीमकडून एक फोन आला नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, विचारायचं धाडस झालं नाही. तू विचार. विचारल्यानं कुणी टीममधून काढत नाही.

पायरी ९: पहिली मॅच

आदल्या रात्री बॅग भरून ठेव, दोन जोडी सॉक्स जास्त. हॉलवर टीमच्या आधी अर्धा तास पोच. बॉल हातात घ्यायच्या आधी कोर्टच्या मध्यात जाऊन उभा राहा आणि दोन्हीकडची शॉट क्लॉक कुठं लावलीत ते बघ, काही हॉलमध्ये बोर्डच्या वर असतात, काही ठिकाणी खाली कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेली असतात, तुझ्या मानेला माहीत पाहिजे कुठं वळायचं. रिंगला चार शॉट मारून बॉल कसा उसळतोय ते बघ. बेंच कुठल्या बाजूला आहे, कोच सरांचा आवाज कुठून येणार, ते बघ. मग लाइनवर जाऊन दहा फ्री थ्रो मार, सावकाश, आणि आईला एक फोन करून ये.